गेम स्ट्रीम करताना मधेच आवाज जातोय? आधी कुठं तुटतोय ते शोधा

मी बेळगावचा, वडगावात राहतो. वरच्या खोलीत टेबल टाकून तीन वर्षं झाली गेम स्ट्रीम करतोय, सुरुवातीला फोनवरनं बीजीएमआय आणि आता पीसीवर व्हॅलोरंट. चॅटमध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकत्र चालतंय, आपल्याकडं तसंच असतंय. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला असं व्हायला लागलं की दर दहा मिनिटाला कोणतरी लिहायचं ‘दादा आवाज गेला’, त्याच्याखाली लगेच ‘अण्णा, वॉइस कट आगाकत्तैति’, आणि मी हेडफोन लावून बसलोय तर मला सगळं स्वच्छ ऐकू येतंय.

मग जो जे सांगेल ते केलं. बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) कमी केला, ड्रायव्हर बदलले, विंडोज नवीन टाकलं, नवा माईक पण घेतला. एका रात्रीत पाच-पाच सेटिंग बदलायचो आणि दुसऱ्या दिवशी काय बदललं होतं तेच आठवायचं नाही. महिन्यानं कळलं की माझ्याकडं एक नाही, तीन वेगवेगळ्या भानगडी एकाच वेळी चालू होत्या, एक पीसीत, एक माईकच्या फिल्टरमध्ये आणि एक घरच्या लाईटमध्ये. अशा वेळी काय होतं, एक दुरुस्त केली तरी उरलेल्या दोघींमुळं आवाज जातच राहतो, आपल्याला वाटतंय ही दुरुस्ती चुकली आणि आपण ती परत उलटी करून ठेवतो. मी नेमकं हेच करत बसलो होतो.

म्हणून हे लिहितोय. गेममधनं निघालेला आवाज बघणाऱ्याच्या कानापर्यंत जाईतोवर चार-पाच जागांवरनं जातो आणि त्यातल्या कुठल्याही जागी तुटू शकतो. आधी जागा शोधायची, सेटिंगला हात नंतर लावायचा. खालच्या स्टेप ह्याच क्रमानं करा, मी सांगितल्याशिवाय मधली गाळू नका.

सुरू करायच्या आधी जवळ काय ठेवायचं

- ओबीएस स्टुडिओ, म्हणजे स्ट्रीम आणि रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर, नवं व्हर्जन
- वायरचा साधा हेडफोन, ब्लूटूथ नको
- एक लॅन केबल, राऊटरपासून टेबलपर्यंत पोचेल एवढी
- दुसरा फोन, स्वतःची स्ट्रीम ऐकायला. हा घरच्या वायफायवर नको, मोबाईल डेटावर ठेवा
- लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर, कुठला ड्रायव्हर पीसीला अडकवतोय ते दाखवतं, घरच्या वापराला फ्री आहे
- वही आणि पेन

वही खरंच ठेवा. तारीख, किती वाजता आवाज गेला, किती सेकंद गेला आणि त्या वेळी घरात काय चालू होतं. माझा तिसरा प्रॉब्लेम कुठल्या सॉफ्टवेअरनं नाही, वहीनं सापडला, ते पुढं सांगतो.

१. आवाज ‘जातोय’ म्हणजे नेमकं काय होतंय ते ऐका

चॅटमधले सगळे एकच शब्द वापरतात, ‘आवाज कट’. पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात.

पूर्ण शांत होऊन परत येतो, आणि चित्र पण त्याच वेळी अडकतं: हे बहुतेक नेट किंवा लाईट.
चित्र गुळगुळीत आहे, फक्त आवाज जातो: हे तुमच्या पीसीत किंवा फोनमध्ये.
चरचर येते, किंवा रोबोट बोलल्यासारखं होतं: सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा), यूएसबी नाहीतर सीपीयूवरचा ताण.
शब्दाचं टोक कापलं जातं, बाकी सगळं बरं आहे: फिल्टर.

ह्यातली दुसरी ओळ लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण तिथंच चुकतात. नेट कमी पडायला लागलं की ओबीएस आधी चित्राच्या फ्रेम टाकून देतं आणि आवाज धरून ठेवतं. त्यामुळं चित्र व्यवस्थित चाललंय आणि फक्त आवाज गायब होतोय तर नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. मी केला होता, दोनदा माणूस येऊन केबल तपासून गेला बिचारा, त्याची काहीच चूक नव्हती.

आणि एकट्याच कुणाला आवाज येत नसेल तर तो त्याच्या फोनचा प्रश्न असू शकतो. निदान दोघा-तिघांनी वेगवेगळ्या नेटवरनं तीच तक्रार केली तरच पुढं जा.

२. रेकॉर्डिंगची टेस्ट, ही सगळ्यात महत्त्वाची

स्ट्रीम चालू असताना त्याच वेळी ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग पण चालू करा. नंतर ज्या मिनिटाला चॅटमध्ये तक्रार आली ते मिनिट रेकॉर्डिंगमध्ये ऐका.

रेकॉर्डिंगमध्ये पण आवाज तुटलाय, म्हणजे गडबड तुमच्या मशीनच्या आत आहे, स्टेप ३ ते ६ बघा. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे आणि स्ट्रीमवर तुटलाय, म्हणजे आवाज घराबाहेर पडताना तुटतोय, सरळ स्टेप ७ आणि ८ वर जा. एवढ्या एका टेस्टनं अर्धं काम होतं, आणि मला ती महिनाभर कुणी सांगितली नव्हती.

रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. मधेच लाईट गेली तर साधी एमपी४ फाईल उघडतच नाही, एमकेव्ही असली तर तिथपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर फाईल मेनूत रीमक्स करून एमपी४ बनवता येतं.

अजून एक करा. सेटिंग्जमध्ये आउटपुट मोड ॲडव्हान्स्ड करा आणि रेकॉर्डिंगला चार ऑडिओ ट्रॅक द्या. मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पहिल्या ट्रॅकवर सगळं, दुसऱ्यावर फक्त माईक, तिसऱ्यावर फक्त गेम, चौथ्यावर डिस्कॉर्ड (खेळताना मित्रांशी बोलायचं ॲप) असं वाटून टाका. म्हणजे तुटतोय तो कुणाचा आवाज ते लगेच कळतं. माझ्यात गेमचा आवाज एकदम ओके होता, फक्त माईक तुटत होता, तरी मी आठ दिवस ग्राफिक कार्डच्या सेटिंग उलट्यासुलट्या करत बसलो होतो.

टेस्टसाठी लोकांसमोर लाइव्ह जायची गरज नाही. यूट्यूबवर स्ट्रीम अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल अशी) ठेवा आणि लिंक स्वतःच्या दुसऱ्या फोनवर उघडा. निदान अर्धा तास चालवा, पाच मिनिटात काही कळत नाही.

३. सॅम्पल रेट सगळीकडं एकच करा

ओबीएस, विंडोज, माईक, हेडसेट, प्रत्येकाचा आपला आपला सॅम्पल रेट असतो, एकतर ४४.१ किलोहर्ट्झ नाहीतर ४८. एक ४४.१ वर आणि दुसरा ४८ वर असला की कुणीतरी मधे बसून सारखं रूपांतर करत राहतो, आणि ते काम जमलं नाही की चरचर, रोबोट आवाज, नाहीतर तासाभरानं तोंड आणि आवाज मागंपुढं, असं सगळं सुरू होतं.

ओबीएसमध्ये सेटिंग्ज, मग ऑडिओ, तिथं सॅम्पल रेट ४८ ठेवा. ओबीएस बंद करून परत चालू करा, त्याशिवाय तो बदल लागू होत नाही.

विंडोजमध्ये जुनं साऊंड कंट्रोल पॅनेल उघडा, तिथं प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग असे दोन टॅब आहेत. दोन्हीकडं तुम्ही वापरताय ते डिव्हाईस निवडून प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड, आणि तिथं पण ४८००० हर्ट्झ. त्याच पानावर एक्स्क्लुझिव्ह मोडचे दोन टिक असतात, ते काढून टाका. ते टिक असले की एखादा प्रोग्रॅम माईक एकटाच ताब्यात घेऊ शकतो आणि बाकीच्यांना शांतता मिळते.

इथला सापळा हा की लोक माईकचा रेट बदलतात आणि हेडफोनचा विसरतात. मी पण विसरलो होतो. दुसरा सापळा, विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर किंवा यूएसबी दुसऱ्या पोर्टला लावल्यावर ही सेटिंग परत जुनी होऊ शकते. सहा महिने व्यवस्थित चाललेलं अचानक बिघडलं तर पहिल्यांदा इथं या.

त्याच विंडोत शेवटी कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे. कॉल चालू झाला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी कर, असं तिथं सेट असतं. तिथं ‘डू नथिंग’ करा. डिस्कॉर्डवर मित्र बोलला की गेमचा आवाज बसतो, ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यानंच जाते. डिस्कॉर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पण अटेन्युएशन (बाकीचे आवाज बसवणं) आहे, ते शून्यावर आणा.

४. यूएसबी आणि ब्लूटूथ

यूएसबी माईक दोन-तीन सेकंद पूर्ण जातो आणि परत येतो, विंडोजचा तो ‘टुंग’ आवाज पण येतो, तर पोर्ट, केबल नाहीतर पॉवर सेव्हिंग. माईक कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या पोर्टला नको, स्वस्तातल्या यूएसबी हबला तर अजिबात नको, आणि कॅप्चर कार्ड (दुसऱ्या फोनचं किंवा कन्सोलचं चित्र पीसीत घ्यायचं डिव्हाईस) असेल तर ते आणि माईक एकाच हबवर कधी ठेवू नका. मग डिव्हाईस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट, ‘पॉवर वाचवायला हे डिव्हाईस बंद करू दे’ अशा अर्थाचा टिक काढा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड आहे, तो पण बंद. लॅपटॉपवाल्यांनी हे दोन्ही करायलाच पाहिजे.

ब्लूटूथ हेडसेटचा माईक स्ट्रीमला वापरू नका. माईक चालू झाला की तो कॉलवाल्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणारा आवाज पण फोनवरच्या बोलण्यासारखा होतो. वर ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात चालतात, ते एकमेकांच्या मधे येतात. ऐकायला वापरायचं असेल तर वापरा, पण शोधाशोध चाललीय तोवर तारेचाच हेडफोन.

५. फिल्टर, म्हणजे माझा दुसरा प्रॉब्लेम

वडगाव-शहापूर भागात ज्याचं घर आहे त्याला सांगायला नको, शेजारी माग चालतात. आमच्या भिंतीला भिंत लागून माग आहेत, संध्याकाळी पण खटखट चालूच असते. ती माईकमध्ये येऊ नये म्हणून मी ओबीएसमध्ये नॉइज गेट लावला होता आणि तो वाढवत वाढवत इतका वर नेला होता की खटखट गेली, पण तिच्याबरोबर माझं बोलणं पण जायला लागलं.

गेटचं काम असं आहे. आवाज ठराविक पातळीच्या वर गेला की दार उघडतं, खाली आला की बंद होतं. ओबीएसमध्ये उघडायची पातळी मुळात उणे २६ डेसिबल आणि बंद व्हायची उणे ३२ असते. मी उघडायची उणे १५ पर्यंत नेली होती. आता मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटाला येतं आणि बोलताना शेवटाला आपला आवाज आपोआप खाली उतरतो. मी म्हणायचो ‘तो मागनं जिन्यावर आलाय’, आणि स्ट्रीमवर जायचं ‘तो मागनं जिन्यावर’. आलाय की गेलाय ते बघणाऱ्याला कळणारच कसं. मी ओरडलो की मात्र सगळं नीट ऐकू यायचं, म्हणून मला वाटायचं माईक खराब झालाय.

उपाय असा केला. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणला, आधी तो मॉनिटरच्या मागं होता. जवळ आणल्यावर गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते) कमी करता आला, आणि गेन कमी झाला की मागाची खटखट आपोआप खाली गेली. मग गेटच्या आधी नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट पुसणारा फिल्टर, लावलं. ओबीएसमध्ये त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत, आरएनएननॉइज आणि स्पीक्स. पहिली चांगली आहे पण सीपीयू जास्त खाते, दुसरी हलकी आहे पण तेवढी साफ करत नाही. मग गेट परत खाली उणे ३० च्या आसपास आणला आणि होल्ड टाईम २०० वरनं ३५० मिलिसेकंद केला, म्हणजे दार लगेच आपटत नाही, वाक्याचं शेपूट बाहेर पडेपर्यंत थांबतं.

आकडे माझे तसेच्या तसे घेऊ नका. तुमच्या खोलीत गप्प बसा, मिक्सरमध्ये मीटर कुठंपर्यंत नाचतोय ते बघा, मग हळू आवाजात एक वाक्य बोलून तो कुठं जातोय ते बघा. गेट ह्या दोघांच्या मधे पाहिजे. दोघांच्या मधे जागाच नसेल तर गेट लावून काही होणार नाही, माईक जवळ आणा.

एकच नॉइज सप्रेशन एका वेळी. ओबीएसमध्ये एक, डिस्कॉर्डमध्ये क्रिस्प, हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरं, असं एकावर एक लावलं की आवाज पाण्यातनं आल्यासारखा होतो.

६. मशीनवर ताण

ओबीएसच्या डॉक्स मेनूत स्टॅट्स आहे, ते उघडून कायम समोर ठेवा. तिथं तीन वेगळे आकडे दिसतात. रेंडरिंग लॅग म्हणजे ग्राफिक कार्ड दमलंय, एन्कोडिंग लॅग म्हणजे एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) पुरा पडत नाही, आणि ड्रॉप्ड फ्रेम म्हणजे नेट. तिन्हीला लोक ‘लॅग’च म्हणतात, पण तिन्हीचा उपाय वेगळा.

एन्कोडर एक्स२६४ असेल तर तो सगळा भार सीपीयूवर टाकतो, आणि सीपीयू भरला की आवाजाला वेळेवर जागा मिळत नाही. एनव्हिडिया कार्ड असेल तर एनव्हेन्क, इंटेलवर क्विक सिंक, एएमडीवर एएमएफ निवडा. गेममध्ये फ्रेम रेट बांधून टाका, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर गेमला ३०० एफपीएस देऊन काय मिळतंय. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

नंतर ओबीएसचा लॉग बघा. हेल्प मेनू, लॉग फाईल्स, व्ह्यू करंट लॉग. त्यात ‘ॲडिंग इतके मिलिसेकंड्स ऑफ ऑडिओ बफरिंग’ अशी ओळ शोधा, शेवटाला कंसात सोर्सचं, म्हणजे आवाज जिथनं येतो त्याचं, नाव दिलेलं असतं. तोच गुन्हेगार, किंवा निदान पहिला संशयित. ‘मॅक्स ऑडिओ बफरिंग रीच्ड’ असं दिसलं तर परिस्थिती वाईट आहे, तो सोर्स काढून टाकून परत टेस्ट करा. माझ्या लॉगमध्ये एका जुन्या वेबकॅमच्या माईकचं नाव होतं, जो मी वापरत पण नव्हतो, फक्त सीनमधनं काढायचा राहिला होता.

एवढ्यानं पण चरचर राहिली तर लेटन्सीमॉन चालवून दहा मिनिटं गेम खेळा. लाल मेसेज आला तर ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये कुठला ड्रायव्हर सगळ्यात वर आहे ते बघा. लॅपटॉपवर बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर निघतो. लॅन लावून वायफाय ॲडॅप्टर डिसेबल केला की फरक लगेच ऐकू येतो.

७. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, स्ट्रीम तुटतेय: नेट

पहिलं काम, लॅन केबल लावा. वायफाय कितीही फुल्ल दाखवत असू दे. स्लॅबच्या घरात राऊटर खाली आणि तुम्ही वर, हे स्ट्रीमला परवडत नाही.

मग स्पीड टेस्ट, पण डाऊनलोड बघू नका, अपलोड बघा, आणि तुम्ही ज्या वेळी स्ट्रीम करता त्याच वेळी बघा. सकाळी दहाला केलेली टेस्ट रात्री नऊला कामाची नाही. जो अपलोड सगळ्यात कमी आला त्याच्या साठ टक्क्यांपर्यंतच बिटरेट ठेवा. ७२०पी ३० एफपीएसला ३००० ते ४००० केबीपीएस पुरतात, ट्विच ह्या स्ट्रीमिंग साईटवर वरची मर्यादा ६००० धरा, आणि ऑडिओला १२८ किंवा १६० द्या, तिथं कंजूषी करून नेटचा काही भार कमी होत नाही. कीफ्रेम इंटरव्हल (पूर्ण चित्र किती वेळानं पाठवायचं ते) २ सेकंद. सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये नेट दाटलं की बिटरेट आपोआप कमी करायचा टिक आहे, तो लावा.

स्पीड चांगला असून पण तुटतंय तर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पिंगची कमांड डॅश टी लावून आठ डॉट आठ डॉट आठ डॉट आठ ह्या पत्त्याला चालू ठेवा, स्ट्रीम करता करता. मधे मधे ‘रिक्वेस्ट टाईम्ड आऊट’ येत असेल तर तो स्क्रीनशॉट वेळेसकट नेटवाल्याला दाखवा. ‘नेट स्लो आहे’ म्हणून सांगण्यापेक्षा ‘काल रात्री ९:१० ते ९:४० मध्ये चौदा वेळा तुटलं’ असं सांगितलं तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

यूट्यूबवर अल्ट्रा लो लेटन्सी (लेटन्सी म्हणजे तुमच्याकडनं बघणाऱ्यापर्यंत पोचायला होणारा उशीर) निवडली असेल तर ती नॉर्मल किंवा लो करा. अल्ट्रा लो मध्ये बघणाऱ्याच्या फोनला साठवून ठेवायला वेळच मिळत नाही, तुमच्याकडनं थोडं अडखळलं की त्याच्याकडं लगेच थांबतं. चॅटला उत्तर द्यायला काही सेकंद उशीर होतो, पण आवाज टिकतो.

मोबाईल डेटावर स्ट्रीम करणाऱ्यांनी एक हिशोब करून ठेवा. व्हिडिओ ३००० आणि ऑडिओ १२८ म्हणजे तासाला साधारण १.४ जीबी जातात. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर तासाभरात संपतो आणि पुढं स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात नुसता आवाज पण धड जात नाही. रोज बरोबर तासानंतरच तुटतंय तर आधी पॅक बघा.

आणि आपल्या सीमाभागातली एक खास गोष्ट. निपाणीकडं कोगनोळीच्या बाजूला नाहीतर इकडं शिनोळीच्या अलीकडं जी पोरं आहेत, त्यांचा फोन कधी कर्नाटकातल्या टॉवरला तर कधी महाराष्ट्रातल्या टॉवरला लागतो, घरात बसल्या जागी. टॉवर बदलताना काही सेकंद नेट जातं आणि बोलता बोलता स्ट्रीम तुटते. माझ्या मावसभावाचं हेच व्हायचं. त्यानं फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक काढून आपलं नेटवर्क हातानं निवडलं, आणि फोन खिडकीत एका जागी ठेवून त्याचा हॉटस्पॉट वापरतो. आता क्वचितच जातं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मात्र पावसात तेवढं पण चालत नाही, तिथं ७२०पी चा हट्ट सोडून ४८०पी वर आलेलं बरं, ४८०पी चं चित्र लोक बघतात, तुटका आवाज कुणी ऐकत नाही.

८. लाईट

हा माझा तिसरा प्रॉब्लेम. पीसीला यूपीएस होता, त्यामुळं लाईटवर संशयच नव्हता. पण वहीत पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की मोठा कट, म्हणजे दोन-तीन मिनिटांचा, ठराविक दिवशीच येतोय आणि संध्याकाळी सातच्या पुढंमागं. आईला दाखवलं, ती म्हणाली ‘अरे ह्या दिवशी नळाला पाणी येतंय की’. गल्लीत पाणी आलं की सगळ्या घरच्या मोटरी एकदम चालू होतात, व्होल्टेज बसतं आणि खाली हॉलमध्ये असलेला फायबरचा डबा आणि राऊटर बंद होऊन परत चालू होतात. पीसी यूपीएसवर मजेत चाललेला, त्याला पत्ताच नाही.

फायबरचा डबा आणि राऊटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, वायफाय यूपीएस म्हणूनच मागा. घ्यायच्या आधी दोन्ही ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते वाचून जा. दोन्ही वेगळे डबे असतील तर दोघांना पाहिजे, एकाला लावून उपयोग नाही. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निवांत राहू नका, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर येताना जो एक झटका बसतो तेवढ्यात पण काही राऊटर रीस्टार्ट होतात. ओबीएसमध्ये ऑटोमॅटिकली रीकनेक्ट चालू ठेवा, म्हणजे नेट आलं की स्ट्रीम आपोआप जोडली जाते.

घूं असा बारीक आवाज सतत येत असेल तर तो कट नव्हे, ते बहुतेक अर्थिंगचं काम आहे. इलेक्ट्रिशियनकडनं प्लगचं अर्थिंग तपासून घ्या, स्वतः खोलू नका.

९. फक्त फोनवरनं स्ट्रीम करत असाल तर

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: गेमचा आवाज स्ट्रीमवर पोचतोय, पण माझं बोलणं पोचत नाही. अँड्रॉइडमध्ये गेमचं व्हॉइस चॅट चालू केलं की माईक गेमकडं जातो आणि स्ट्रीमिंग ॲपला नुसती शांतता मिळते. ॲप बदलून हे सुटत नाही. एकतर गेममधला माईक बंद ठेवा आणि टीमशी दुसऱ्या फोनवरनं कॉलवर बोला, नाहीतर फोन कॅप्चर कार्डनं पीसीला जोडून माईक पीसीला लावा.

गेमचा आतला आवाज घ्यायला अँड्रॉइड १० किंवा पुढचं पाहिजे. स्ट्रीमिंग ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर गेम पुढं असताना फोन मागचं ॲप मारून टाकतो. कॉल येऊ नयेत म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावा. आणि चार्जिंगला लावून खेळत असाल तर मागचं कव्हर काढा, फोन तापला की वेग कमी करतो आणि पहिला आवाज फाटायला लागतो.

१०. लाइव्हमध्ये होता, नंतरच्या व्हिडिओत नाही

हा तांत्रिक कट नाही. मागं गाणं वाजत असेल तर कॉपीराइटमुळं ट्विच आणि यूट्यूबवर नंतर तेवढा भाग म्यूट होऊ शकतो. गाणं तुम्हीच लावलेलं असायला पाहिजे असं पण नाही. गणपतीत माझी खिडकी उघडी राहिली होती, मंडळाच्या स्पीकरवरचं गाणं माईकमध्ये आलं आणि वीस मिनिटं गेली. ट्विचला ओबीएसमध्ये व्हीओडीसाठी (नंतर राहणाऱ्या व्हिडिओसाठी) वेगळा ऑडिओ ट्रॅक देता येतो, गाणी त्यातनं बाहेर ठेवा.

११. एवढं करून पण सापडलं नाही तर, मदत कशी मागायची

एका वेळी एकच बदल, अर्धा तास टेस्ट, वहीत नोंद. हे सगळं झाल्यावर कुणाला तरी विचारा, पण ‘भावा आवाज कट होतोय काय करू’ एवढंच लिहू नका, त्यावर कुणी काही सांगू शकत नाही. स्टेप १ मधला कुठला प्रकार, रेकॉर्डिंगमध्ये आहे की नाही, कुठल्या ट्रॅकवर, किती वाजता, आणि त्या दिवशीचा लॉग, एवढं द्या. लॉग द्यायला हेल्प मेनूत अपलोड करंट लॉग फाईल आहे, तिथनं लिंक मिळते, ती चिकटवायची. स्ट्रीम बंद केल्यावर पण ओबीएस बंद न करता अपलोड करा, म्हणजे त्या वेळचा पूर्ण लॉग जातो.

सेटिंग्जचे स्क्रीनशॉट देताना मात्र स्ट्रीमच्या पानाचा फोटो देऊ नका. तिथं स्ट्रीम की असते, ती दिसली तर दुसरा कुणी तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जाऊ शकतो. चुकून गेलीच असेल तर यूट्यूब किंवा ट्विचवर जाऊन की लगेच रीसेट करा आणि नवीन की ओबीएसमध्ये टाका.